प्रस्थान गेलं विमानानं

रायपूरहून नागपूर किती लांब आहे, हे ज्याले कोणाले पाहिजे असेल त्यानं मोबाईलमध्ये कशाले पाहावं, आमच्या ह्यांना विचारावं. आमचे हे म्हणजे श्यामराव, सिंचन खात्यातून रिटायर झालेले, आणि मी इंदू, त्यांच्यासंगं इतकी वर्षं काढलेली. ह्यांच्या हिशोबात ते अंतर दर वेळी वेगळं निघतं. नागपुरात क्रिकेटची मॅच असली की, "अरे, इथंच तर आहे, सकाळी निघालं की जेवायले तिथं." माझ्या मावसबहिणीकडे मुंज असली की, "बापरे, तीनशे किलोमीटर, माझ्या कमरेचं काय होईल." रस्ता तोच, गाडी तीच, कंबरही तीच. आता मले त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की कळतं, आज नागपूर कुठवर सरकलं आहे.

मागच्या दीड वर्षापासून तर ते पार लांब गेलं होतं. त्याचं कारण आमची देवश्री. ती नागपुरात बँकेत आहे, छत्तीस वर्षांची, शहाणी पोट्टी. तिनं एक दिवस फोनवर सांगितलं, की तिनं लग्नाचं ठरवलं आहे. मुलाचं नाव सचिन, तिथल्याच पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो, आधी एकदा लग्न होऊन मोडलेलं. ह्यांचा राग त्या मोडलेल्या लग्नावर नव्हता, हे मी देवाशपथ सांगते. झालं असं, की ही गोष्ट मले आधीच माहीत होती, बंगळुरूच्या आमच्या स्वानंदले माहीत होती, माझ्या मावसबहिणीलेही माहीत होती. हे शेवटचे. "तिनं सगळ्यांना विचारलं, अन् मले सांगितलं," असं म्हणून जे बसले, ते बसलेच.

त्यानंतर देवश्रीचा फोन आला की हे उचलायचे, "आईले देतो" म्हणायचे, अन् माझ्याकडे द्यायचे. दिवाळीले तिनं बोलावलं, तर नागपूर लांब. वाढदिवसाले बोलावलं, तर नागपूर त्याहून लांब. मग तिनं बोलावणंच सोडलं. सचिनचं नाव ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "तो नागपूरचा" म्हणायचे. नागपुरात जसा एकच माणूस राहतो.

शेवटी रजिस्टर लग्नाची तारीख आली, सोमवारची. देवश्रीनं मले फोन केला. म्हणाली, "आई, साक्षीदार म्हणून बाबांनी सही केली पाहिजे. दुसऱ्या कोणाची मी नाही घेणार. ते नाही आले तर ती जागा रिकामी राहील अन् लग्नाची तारीख पुढं जाईल." पोट्टी बापावरच गेली आहे, हट्टाच्या बाबतीत. मी ह्यांना सांगितलं. आठवड्यानं एका सकाळी पोहे खाता खाता म्हणाले, "पाहू."

आमच्या घरात "पाहू" म्हणजे नाहीच असतं. पण दुपारी त्यांनी पंचांग काढलं, चष्मा पुसला, तेव्हा मले आशा वाटली.

मी स्वानंदले फोन लावला. म्हटलं, बापाची कंबर मध्ये येऊ नये, विमानाचं पाह. हा पोरगा मराठी सगळी समजतो, उत्तर मात्र हिंदीत देतो. म्हणे, "आई, सीधी फ्लाइट तो दिख नहीं रही. रायपुर से दिल्ली, दिल्ली में पाँच घंटे बैठो, फिर नागपुर." फोन स्पीकरवर होता. ह्यांचा चेहरा असा खुलला, की कोणाले वाटावं पेन्शन वाढली. "ऐकलं? विमानानंही दिवस जातो. म्हणजे मी म्हणत होतो ते खोटं नव्हतं, नागपूर लांबच आहे." अन् तो स्वानंद स्वतः बंगळुरूहून उडून दोन तासांच्या आत नागपुरात उतरणार होता. त्याचं अंतर आमच्या चौपट, अन् वेळ आमच्या सडकेच्या वेळेचा तिसरा हिस्सा. मी म्हटलं, "मग आपण आधी बंगळुरूले राहायले जाऊ."

रेल्वेचं तिकीट काढायचं काम ह्यांच्याकडे दिलं होतं, म्हणून ते निघालं नाही. मग उरली सडक. टॅक्सी ठरवली.

"रविवारी निघू," हे म्हणाले.

"शनिवारीच निघू ना. एक दिवस आधी पोचू, पोरीले बरं वाटेल."

"शनिवारी आपल्या मराठी मंडळात सभा आहे."

"सभेत तुमचं काय काम?"

"आभार मानायचे आहेत."

आता ज्या माणसाले पोरीच्या लग्नापेक्षा सभेतल्या आभारांची काळजी, त्याच्याशी काय डोकं लावावं. पण थांबा, अजून आहे. रविवार ठरवल्यावर ह्यांनीच पंचांगावर बोट ठेवलं अन् गंभीर होऊन सांगितलं, की रविवारी पश्चिमेले दिशाशूल असतं. नागपूर पश्चिमेले. म्हणजे रविवारी निघता येत नाही. शनिवारी सभा, रविवारी शूल, सोमवारी लग्न. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. मनात म्हटलं, वा श्यामराव, काय सुंदर कुलूप घातलं.

पण त्यांनीच किल्ली काढली. म्हणाले, "प्रस्थान ठेवू."

आमच्या घरी ही जुनी चाल. वाईट दिवशी निघावंच लागत असलं, तर आदल्या चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू, सुपारी म्हणा, कपडा म्हणा, जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. मग प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. दुसऱ्या दिवशी आपण फक्त पुढं चालू लागतो. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत पश्चिमेच्या टोकाले लोकेश राहतो, त्याचं पंडरीच्या बाजारात कापडाचं दुकान आहे. गेली कित्येक वर्षं आमची प्रस्थानं त्याच्याच घरी ठेवली जातात. त्याची बायको चेतना आता इतकी तयार झाली आहे, की सुपारी दिसली की पाट मांडते.

आमच्या ह्यांचं सगळं काम चोख. सुपारीनं भागलं असतं, ह्यांनी आख्खी बॅग नेली. दोन चांगले सदरे होते, दोन्ही त्यात. इस्त्रीची पँट त्यात, दाढीचं सामान त्यात, पंचांगसुद्धा त्यात. सभेले जाता जाता चेतनाच्या हातात दिली अन् आले. निघणाऱ्या माणसाले "कुठं" विचारायचं नसतं, हे आम्हीच तिले शिकवलेलं. तिनं विचारलं नाही. अन् तिच्या दारात तीन मोठ्या बॅगा भरून ठेवलेल्या होत्या, ह्यांनीही तिले विचारलं नाही. दोघांनी रीत अशी पाळली, की काय सांगू.

रविवारी सकाळी अंघोळ करून हे बॅग आणायले गेले. अंगात घरचा सदरा, काखेत उसवलेला, खाली पायजमा. तिथं जाऊन कपडे बदलणार होते. थोड्या वेळानं हात हलवत परत आले.

"कुलूप आहे."

"कोणाच्या घराले?"

"लोकेशच्या."

मी फोन लावला, बंद. चेतनाचाही बंद. टॅक्सीवाला देवीदास दारात गाडी पुसून राहिला होता. हे ओसरीवरच्या खुर्चीत बसले अन् आभाळाकडे पाहू लागले. मी त्या बसण्याले ओळखते. त्यात दुःख कमी होतं अन् सुटका जास्त. "इंदू, माणसानं इशारा समजून घ्यावा," म्हणाले. मी म्हटलं, "इशारा कसला, शेजारी बाहेर गेले." तर म्हणे, प्रस्थानाले कुलूप लागलं, याहून मोठा अपशकुन मी आयुष्यात पाहिला नाही. त्यांचा आवाज इतका शांत होता, की मले भरपूर राग आला.

तासाभरानं लोकेशचाच फोन आला. "काकी, माफी दे दो. हम लोग हैदराबाद आए हैं, साढ़ू के यहाँ. अभी बेल्ट पे से सामान उतारा तो चार बैग निकले. टैक्सीवाले ने दरवाजे के पास का सब लाद दिया, अंकल का भी." पाठीमागून चेतना रडक्या आवाजात काहीतरी म्हणून राहिली होती. "अंकल को बोलो, कल कूरियर कर दूँगा, नागपुर के पते पे. परसों मिल जाएगा."

मी म्हटलं, "हव बेटा, कर दे," अन् फोन ठेवला. काय बोलणार त्या पोराले. ज्या बॅगेनं अजून रायपूरचं रेल्वे फाटक ओलांडलं नव्हतं, ती विमानात बसून हैदराबादले पोचली, अन् मालक ओसरीवर पायजम्यात.

तेवढ्यात देवश्रीचा फोन. निघाले का, म्हणून. माझा हात ओला होता, मी स्पीकर लावला. तिले सगळं सांगितलं, हसत हसतच सांगितलं, मले वाटलं तीही हसेल. ती हसली नाही. मग म्हणाली, "म्हणजे बाबा येत नाहीत. मले माहीतच होतं आई. तू ये. मी तारीख पुढची घेते." अन् ठेवून दिला.

बस, इतकंच. रागावली असती तर मी समजावलं असतं. ती रागावली नव्हती, बाप येणार नाही हे तिनं धरूनच ठेवलं होतं. मले तेव्हा आपल्या नवऱ्याची इतकी चीड आली, की मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. आपली बॅग उचलली, माझी बॅग घरीच होती, मी काही दिशांना घाबरत नाही, अन् गाडीत जाऊन बसले. देवीदासले म्हटलं, चला.

"थांबा," हे म्हणाले.

ओसरीवरून उतरले, घराले कुलूप लावलं अन् माझ्या बाजूले येऊन बसले. त्याच उसवलेल्या सदऱ्यात. मी म्हटलं, "निदान दुसरे कपडे तरी घ्या, भरते मी." तर म्हणे, "दुसरी बॅग भरली की दुसरं प्रस्थान. आज रविवार आहे. माझं शनिवारचं प्रस्थान निघालेलं आहे, विमानानं का होईना. मी रस्त्यातच आहे असं समज." शास्त्र कसं वाकवावं, हे कोणी ह्यांच्याकडून शिकावं. पण ते बसले होते, तेवढं पुरे. अन् देवश्रीले मोबाईलवरून आमचं लोकेशन पाठवलं, स्वानंदनं शिकवलं होतं तसं. लिहिलं काही नाही. म्हटलं, तिचं तिले दिसू दे, आपण चालून राहिलो म्हणून.

रायपूर ते नागपूर सहा तासांचा रस्ता आहे, फार तर साडेसहा. हे सामान्य माणसांचं सांगते. आमच्या ह्यांच्या संगं तो कसा झाला ते ऐका. भिलाईले चहा. दुर्गले पाय मोकळे करायले. राजनांदगावले त्यांना आठवलं, की इथं खात्यातला एक मित्र राहतो. तो पाच वर्षांपूर्वीच पुण्याले गेला, हे शेजाऱ्यांकडून कळेपर्यंत अर्धा तास गेला. छत्तीसगडची हद्द संपली तिथं गाडी थांबवून हवा पाहिली, चारही चाकांची. देवरीले जेवायले बसलो. जेवण झालं, तर ढाब्यावरच्या खाटेवर "पाच मिनिटं" आडवे झाले अन् तिथंच राहिले. झोपले नव्हते. डोळे मिटून पडले होते, पापण्या हलत होत्या. मी दोनदा उठवलं. देवीदास म्हणाला, "बाबूजी की तबीयत तो ठीक है ना?" मी म्हटलं, तबीयत ठीक आहे, नियत पाहावी लागेल.

दीड तासानं तिथून निघालो. साकोली गेली. लाखनीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेले एक चहाची टपरी दिसली, अन् हे म्हणाले, "थांबव."

तिथं माझा बांध फुटला. चहावाला समोर, देवीदास समोर, मी कोणाले पाहिलं नाही. "तुम्हाला जायचंच नव्हतं तर घरी काहून नाही बसले? उद्या पोरीचं लग्न आहे, अन् तुम्ही गावागावाले चहा चाखून राहिले. एकदाचं सांगून टाका, नाही येत म्हणून. मी एकटी जाते. तिले आता तुमची वाट पाहायची सवय नाही राहिली, ऐकलं ना सकाळी?"

ह्यांनी चहाचा ग्लास बाकड्यावर ठेवला. घेतलाही नव्हता एक घोट.

"इंदू, मले भेव लागून राहिलं," म्हणाले.

"कशाचं?"

"दीड वर्ष तिचा फोन उचलून मी तुले देत होतो. प्रत्येक वेळी ती म्हणायची, बाबा कसे आहात. मी म्हणायचो, आईले देतो. आता दार उघडल्यावर तिनं विचारलं, आता काहून आले, तर मी काय सांगू? मी इतका रस्ता तेच शोधून राहिलो. सापडत नाही."

हा माणूस इतकी वर्षं माझ्यासमोर नागपूरचं अंतर लहान-मोठं करत आला, अन् मी त्याची थट्टा करत आले, तीच मले आता जड झाली. मले त्यांचं इतकं वाईट वाटलं, की मी त्यांच्या बाजूले बाकड्यावर बसले अन् त्यांचा थंड चहा मीच पिऊन टाकला. म्हटलं, "काही नका सांगू. तुम्हाला बोलायले कोण सांगतं. सही करायची आहे."

"अन् तिनं सहीच नाही घेतली तर?"

"मग चहा पिऊन परत येऊ. रस्ता तर पाठ झालाच आहे."

थोडंसं हसले. मी देवीदासले पैसे द्यायले सांगितलं, तेवढ्यात नागपूरकडून येणारी एक पांढरी गाडी आमच्यासमोरून पुढं गेली, लांब जाऊन वळली अन् परत येऊन टपरीपाशी थांबली. दार उघडून देवश्री उतरली. हातात मोबाईल, पायात घरातल्या चपला. गाडी चालवणारा उंच मुलगाही उतरला, अन् दाराले धरून तिथंच उभा राहिला. फोटोतल्यापेक्षा चांगला दिसतो सचिन.

हे ताडकन उठले. "तू काहून आली इतक्या दूर?"

बघा, ज्यानं प्रश्नाच्या भीतीनं सहा तासांचा रस्ता दिवसभर ताणला, त्यानं स्वतःच तोच प्रश्न पोरीले विचारला.

"बाबा, तुम्ही देवरीले दीड तास थांबले," देवश्री म्हणाली. ती धापा टाकून राहिली होती, जशी गाडीत न बसता पळत आली. "जागोजागी थांबून राहिले, तेव्हाच कळलं तुम्ही गाडीत आहात. अन् देवरीले तर मोबाईलवरचं टिपकं हलतच नव्हतं. मी पाहून राहिले, पाहून राहिले. मले वाटलं, आता हे परत फिरतात. म्हटलं, फिरायच्या आधी गाठावं."

"मी कुठं फिरत होतो," हे म्हणाले. "मी येऊनच राहिलो होतो. हळू येऊन राहिलो होतो."

"हो बाबा. दिसत होतं मले."

दोघंही एकाच साच्यातले, एक पाऊल पुढं येईल तर शपथ. तिची नजर त्यांच्या काखेतल्या उसवणीवर, त्यांची तिच्या चपलांवर. मी मध्ये बोलणारच होते, पण म्हटलं, इंदूबाई, आज नको.

सचिन दार सोडून पुढं आला अन् ह्यांच्या पाया पडायले वाकला. हे दोन पावलं मागं सरले. मग त्याच्या दंडाले धरून त्याले उभं केलं. त्याच्या तोंडाकडे पाहायले ह्यांना मान वर करावी लागली.

"तुमच्याकडे एखादा सदरा आहे का?" हे म्हणाले. "माझे कपडे हैदराबादले गेले."

दीड वर्षांत त्या मुलाशी बोललेले हे पहिले शब्द. सचिननं देवश्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अन् अगदी सरळ उत्तर दिलं. "आहे ना काका. उद्यासाठी दोन शिवले होते, एक तुम्ही घाला. पण बाह्या मोठ्या होतील तुम्हाला."

"होऊ दे," हे म्हणाले. "देवश्री दुमडून देईल."

अन् माझी पोट्टी त्या टपरीसमोर, भर रस्त्यात, बापाच्या उसवलेल्या सदऱ्यात तोंड घालून रडली.